एक्स्टेन्शनच्या खिडकीखाली ओल येऊ नये म्हणून आत्ताच काय बघून घेऊ? (कॅव्हिटी वॉल, इंग्लंड)

डेव्हनवासी – ६ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आम्ही डेव्हनमधे राहतो, डार्टमूरच्या पश्चिमेला. घर १९३० च्या दशकातलं सेमी (एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेलं) आहे आणि मागच्या बाजूला ३ मीटरचं एकमजली एक्स्टेन्शन चालू आहे, आईबाबा वर्षातले चार-पाच महिने इकडे असतात म्हणून स्वयंपाकघर मोठं करतोय. भिंती कॅव्हिटीच्या आहेत म्हणजे बाहेर वीट, आत ब्लॉक, मधे १५० मिमी पोकळी, त्यातली १०० इन्शुलेशन बोर्डने भरलेली आणि ५० मोकळी. भिंती आता खिडकीच्या सिलच्या वर दोन-तीन रद्दे गेल्यात, सिल विटांची आहे, उभ्या कडेवर लावलेल्या. खिडक्या तीन आठवड्यांनी येतील.

माझी काळजी अशी की शेजारच्यांनी चार वर्षांपूर्वी असंच एक्स्टेन्शन केलं आणि दुसऱ्याच हिवाळ्यात त्यांच्या खिडकीखालचं प्लास्टर फुगलं, रंगाचे पोपडे, एमडीएफचा विंडो बोर्ड (खिडकीखालची आतली फळी) पावासारखा फुललेला. आमची भिंत पण नैऋत्येला तोंड करून आहे आणि इकडचा सगळा पाऊस तिकडूनच आडवा येतो. बिल्डरला विचारलं तर म्हणाला, काळजी नको, शेवटी सगळीकडून सिलिकॉन मारतो. तेवढं पुरतं का? भिंत बंद व्हायच्या आधी काय बघून घेऊ?

चिरेबंदी – ७ सप्टेंबर, सकाळी ७:१५

मी रत्नागिरीचा, सिव्हिल इंजिनियर, आता निवृत्त. कॅव्हिटी वॉल मी कधी बांधली नाही पण पाऊस आयुष्यभर बघितलाय, आमच्याकडे वर्षाला ३००० मिमीच्या वर पडतो. आम्ही खिडकीच्या बाबतीत तीन गोष्टी सोडत नाही. वर छज्जा. सिलला बाहेरच्या बाजूला ढाळ. आणि सिल भिंतीच्या बाहेर निदान दोन इंच काढून तिच्या पोटाला कडेजवळ खाच. ही खाच नसली की पाणी सिलच्या खालून चिकटत चिकटत परत भिंतीवर येतं आणि तिथून आत. पागोळी सुटी पडली पाहिजे, भिंतीला चिकटता कामा नये. तुमच्या वर्णनात छज्जा तर दिसतच नाही, इंग्लंडात घालत नाहीत का? आणि भिंतीत पोकळी मुद्दाम कशासाठी ठेवायची?

लेस्टरकर – ७ सप्टेंबर, दुपारी १:०५

सिलिकॉनवर अजिबात विसंबू नका हो. आमचं २०१६ मधलं एक्स्टेन्शन, तीन वेळा सिलिकॉन काढून नवीन मारलं, दर वेळी माणूस वेगळा आणि दर वेळी दोन महिने बरे गेले. तिसऱ्या वेळी तर ज्याने मारलं त्याने खिडकीच्या चौकटीच्या खालच्या बाजूला पाणी जायला ज्या बारीक फटी असतात ना त्या पण बुजवून टाकल्या, मग चौकटीतलं पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत सांडायला लागलं. शेवटी आतून प्लास्टर फोडलं तेव्हा कळलं की सिलखाली काहीच नव्हतं. माल आणि वीट, बास. खर्चाचं बोलतच नाही.

साईटवाला – ७ सप्टेंबर, रात्री १०:२०

मी इकडे घरबांधणीच्या साईटवर काम करतो, बारा वर्षं झाली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

काकांनी विचारलं पोकळी कशासाठी, सगळं तिथेच आहे. इथली बाहेरची वीट फक्त १०२ मिमी जाड असते, बहुतेक वेळा प्लास्टर नाही. वारा घेऊन आलेला पाऊस तासनतास आदळला की त्या विटेतून आणि मुख्य म्हणजे दर्जांमधून, म्हणजे विटांमधल्या मालाच्या सांध्यांतून, पाणी पलीकडे येतंच. येणारच आहे हे गृहीत धरलेलं असतं. ते पाणी बाहेरच्या विटेच्या मागच्या अंगाने पोकळीतून खाली उतरतं आणि आतल्या ब्लॉकला शिवत नाही. म्हणजे ही भिंत पाणी अडवत नाही, पाण्याला उतरायला वाट देते. जिथे जिथे ही वाट बंद होते, म्हणजे आतली आणि बाहेरची भिंत एकमेकींना भिडते, तिथे ओल. आणि खिडकीच्या चारही बाजूंना पोकळी बंद करावीच लागते. म्हणून खिडकी हीच दुखरी जागा.

विटांची सिल म्हणजे आठ-दहा सांधे, आणि दर सांध्यातून थोडं थोडं पाणी खाली जाणार. म्हणून सिलच्या खाली पूर्ण लांबी-रुंदीला डीपीसी हवा, तो काळा प्लास्टिकचा पट्टा. नुसता आडवा घालून उपयोग नाही, मागच्या बाजूला आणि दोन्ही टोकांना सिलच्या पूर्ण उंचीइतका वर वळवलेला पाहिजे. ताटलीसारखा. पुढची कड बाहेर, विटेच्या तोंडापर्यंत. अखंड दगडाची किंवा काँक्रीटची सिल असती तर सांधे कमी असतात, तरी मी डीपीसी घालतोच.

मग बाजू. दोन्ही बाजूंना उभा डीपीसी किंवा इन्शुलेटेड कॅव्हिटी क्लोजर, म्हणजे पोकळीचं तोंड बंद करणारी पट्टी. तुमचा भाग पावसाच्या माऱ्याच्या नकाशावर कुठल्या झोनमधे येतो ते बिल्डिंग इन्स्पेक्टरला विचारा. झोन चार आहेत, चौथा सगळ्यात कडक, त्याच्यात एका पावसाच्या झोडीत भिंतीच्या दर चौरस मीटरवर १०० लिटरच्या वर पाणी आदळू शकतं असा हिशोब आहे. झोन ४ असेल तर इंग्लंडच्या अप्रूव्ह्ड डॉक्युमेंट सी मधे (बांधकाम नियमांची सरकारी मार्गदर्शिका) स्पष्ट आहे की चौकट बाहेरच्या विटेच्या मागे सरकवून बसवायची, वीट चौकटीच्या थोडी पुढे आली पाहिजे. ह्याला चेक्ड रिव्हील म्हणतात. नाहीतर त्याच कामाचा फिन, म्हणजे पुढे आलेली पाती, असलेला क्लोजर. चौकट विटेच्या तोंडाशी लावून कडेला सिलिकॉन, हे त्या झोनमधे नको.

वरती लिंटेल. त्यावर कॅव्हिटी ट्रे, म्हणजे पोकळीतलं पाणी बाहेर वळवणारा पट्टा, आतून बाहेर उतरता, दोन्ही टोकांना स्टॉप एंड म्हणजे बांध, आणि पाणी बाहेर पडायला वीप होल, ४५० मिमीच्या आत एक आणि एका खिडकीवर कमीत कमी दोन. स्टॉप एंड विसरलेले मी इतक्या वेळा बघितलेत की आता लिंटेल दिसला की आधी तेच बघतो. ते नसले की ट्रेवर जमलेलं सगळं पाणी टोकाने सांडून बरोबर खिडकीच्या कोपऱ्यात पडतं, आणि घरचे लोक सिलवर संशय घेत बसतात.

सिलचे फोटो टाका, नीट जवळून, आतल्या बाजूने.

चिरेबंदी – ८ सप्टेंबर, सकाळी ६:५०

वा, फार छान समजावलंत. आमच्याकडे पूर्वी पावसाळ्याच्या आधी पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांचे झाप बांधायचे, पाऊस झापावर आदळायचा आणि मागची भिंत कोरडी. मधे हवा. तुमची बाहेरची वीट म्हणजे कायमचा बांधलेला झापच झाला की.

साईटवाला – ८ सप्टेंबर, दुपारी १२:३०

काका, बरोब्बर तेच. आणि झाप भिंतीला टेकला तर जे होईल तेच इथे माल पोकळीत पडला की होतं. गवंडी वीट लावताना जास्तीचा माल आत पडतो, तो वॉल टायवर (बाहेरची आणि आतली भिंत जोडणाऱ्या तारा) किंवा क्लोजरवर साचतो आणि पाण्याला पूल तयार होतो. डेव्हनवासी, टॉर्च घेऊन पोकळीत बघा, टाय स्वच्छ दिसले पाहिजेत.

डेव्हनवासी – ८ सप्टेंबर, रात्री ८:१०

मनापासून आभार. आज कामावरून आलो, अजून उजेड होता, शिडी लावून बघितलं, फोटो टाकलेत. मला जे दिसलं ते लिहितो. उजव्या खिडकीच्या सिलखाली काळा पट्टा आहे पण तो मागे वर वळवलेला नाही, सपाट जाऊन ब्लॉकच्या खाली गेलाय. डाव्या खिडकीखाली मला पट्टाच दिसत नाही. टायवर दोन ठिकाणी मालाचे गोळे आहेत. सिल भिंतीच्या बाहेर जेमतेम २० मिमी आली असेल. आणि हो, इन्स्पेक्टरशी फोनवर बोललो, आम्ही झोन ४ मधेच आहोत.

खरं सांगायचं तर रात्री झोप लागणार नाही असं वाटतंय. माणूस चांगला आहे, वेळेवर येतो, आईला रोज विचारतो कशी आहेस म्हणून. त्याला कसं सांगू?

साईटवाला – ८ सप्टेंबर, रात्री ९:००

फोटो बघितले. डावीकडे डीपीसी नाहीये, तुमचं बरोबर आहे. आणि उजवीकडचा सपाट पट्टा तर जास्त वाईट, सिलमधून उतरलेलं पाणी त्याच्यावर जमणार आणि सरळ आतल्या ब्लॉककडे वाहणार. दोन्ही सिल काढून परत लावायला लागतील. ऐकायला मोठं वाटतं पण सिलवर अजून खिडकी नाही, माल ताजा आहे, एका दिवसाचं काम आहे. खिडकी बसून प्लास्टर झाल्यावर हेच काम आठवड्याभराचं होतं.

उंबरठा – ८ सप्टेंबर, रात्री ११:१५

बिल्डरशी बोलायचं म्हणून सांगते, आम्ही गेल्या वर्षी ह्यातून गेलोय. चूक काढल्यासारखं बोलू नका आणि "मी नेटवर वाचलं" हे तर अजिबात नको. ड्रॉइंग हातात घ्या. आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमधे खिडकीचा उभा छेद असतो आणि बहुतेक वेळा डीपीसी त्यात दाखवलेला असतोच, तो दाखवा आणि एवढंच विचारा की हे कुठे बसवलंय, मला फोटो घेऊन ठेवायचाय. आमचा माणूस स्वतःच म्हणाला की राहिलंय, उद्या करतो.

आणि सगळं बिल्डिंग कंट्रोल, म्हणजे बांधकाम तपासणारे इन्स्पेक्टर, बघेल ह्या भरवशावर राहू नका. त्यांच्या व्हिजिट ठराविक टप्प्यांवर असतात, पाया, डीपीसीची पातळी, छत, शेवटची पाहणी असं. प्रत्येक सिलच्या खाली डोकावायला कोणी येत नाही. पुढचा हप्ता सिल झाल्यावर आणि फोटो काढल्यावर द्या, तसं आधीच मेलवर लिहून ठेवा, गोड शब्दात.

पावसाळी – ९ सप्टेंबर, सकाळी ८:४५

सगळ्यांनी बाहेरच्या पाण्याबद्दल लिहिलंय पण घरातल्या पाण्याबद्दल पण बोलूया, कारण खिडकीजवळची अर्धी ओल आतूनच येते. मी मँचेस्टरला आहे, फ्लॅट, माझ्याकडे खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी आणि कुबट वास होता, मी दोन वर्षं बाहेरून गळतंय असंच समजत होते.

घरात २० डिग्री तापमान आणि हवेत ६० टक्के आर्द्रता असेल तर साधारण १२ डिग्रीच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव पडतं. ७० टक्के झाली की १४ डिग्रीला पण पडतं. आपल्या स्वयंपाकात डाळीला कुकर, भाताला कुकर, मग फोडणी, शिवाय हिवाळ्यात कपडे आतच वाळत घालायचे, एका मशीनच्या कपड्यांतून दोनेक लिटर पाणी हवेत जातं. ते कुठेतरी बसणारच आणि बसतं सगळ्यात गार जागेवर, म्हणजे खिडकीच्या कडेला.

म्हणून बाजूचा क्लोजर इन्शुलेटेडच घ्या. ब्लॉक आडवा लावून पोकळी बंद केली तर तिथून थंडी थेट आत येते आणि ती कड कायम गार राहते. विंडो बोर्डच्या खाली पण इन्शुलेशनचा तुकडा घाला, बहुतेक जण तिथे नुसता फोम मारून सोडतात. फोम पाणी अडवत नाही, हे पण लक्षात ठेवा. हॉब वरचा एक्स्ट्रॅक्टर बाहेर हवा टाकणारा हवा, सेकंदाला ३० लिटर तरी. खिडकीचे ट्रिकल व्हेंट, म्हणजे चौकटीतल्या हवेच्या बारीक झडपा, उघडे ठेवा. गार वारा येतो म्हणून आपण लोक ते पहिल्याच दिवशी बंद करतो, मी पण केले होते.

लेस्टरकर – ९ सप्टेंबर, दुपारी १२:५०

हे मला कोणी २०१७ मधे सांगितलं असतं तर! पण मग ओल आतली की बाहेरची हे ओळखायचं कसं?

पावसाळी – ९ सप्टेंबर, दुपारी १:३०

ओल्या जागेवर स्वयंपाकाच्या ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. थेंब खोलीच्या बाजूला आले तर घरातली वाफ, फॉइलच्या मागे आले तर भिंतीतून. दुसरी खूण म्हणजे पाऊस पडला की डाग वाढतो की थंडी पडली की वाढतो. डायरीत लिहून ठेवा, महिन्याभरात कळतं. नवीन बांधकामात तिसरी शक्यता पण असते, प्लास्टर आणि जमिनीच्या स्क्रीडमधलं (फरशीखालचा सिमेंट-वाळूचा थर) बांधकामाचंच पाणी. स्क्रीड दिवसाला साधारण १ मिमी वाळतो, तेही पहिल्या ५० मिमीपर्यंत, त्यापुढे अजून हळू. म्हणजे ७५ मिमीच्या स्क्रीडला तीन महिने सहज लागतात. पहिल्या हिवाळ्यात काचेवर पाणी दिसलं म्हणून लगेच भिंत फोडायला घेऊ नका.

चिरेबंदी – ९ सप्टेंबर, रात्री ८:२०

आमच्याकडे भिंतीला लोणा धरला, पांढरी पूड आली, की आम्ही समजायचो पाणी भिंतीतून आलंय, कारण क्षार घेऊन यायला त्याला विटेतून जावं लागतं. वाफेच्या पाण्याला क्षार नसतात. ही खूण तुमच्याकडे पण चालेल असं वाटतं.

आणखी एक विचारतो. सिलचा पट्टा, बाजूचा उभा पट्टा आणि वरचा ट्रे, हे एकमेकांवर कसे येतात? मला तर कौलं डोळ्यासमोर येतात, वरचं कौल नेहमी खालच्याच्या वर.

साईटवाला – ९ सप्टेंबर, रात्री १०:४०

कौलांसारखंच काका. वरच्या ट्रेचं टोक बाजूच्या पट्ट्यांच्या पलीकडे गेलं पाहिजे, आणि बाजूच्या पट्ट्याचं खालचं टोक सिलच्या वळवलेल्या पट्ट्याच्या बाहेरून, म्हणजे वरून आलेलं पाणी कधीच खालच्या पट्ट्याच्या मागे शिरता कामा नये. पट्टे वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळी माणसं लावतात आणि चूक होते ती नेमकी ह्या जोडावर. कोपऱ्यांचे फोटो सगळ्यात महत्त्वाचे.

पावसाळी ताईंचं सगळं मान्य.

डेव्हनवासी – १४ सप्टेंबर, रात्री ९:३०

अपडेट देतोय. उंबरठा ताईंनी सांगितलं तसंच केलं. सोमवारी सकाळी चहा दिला, ड्रॉइंग पसरलं आणि विचारलं की हा वळवलेला पट्टा दोन्ही खिडक्यांना कुठे आहे, फोटो काढायचाय. तो दोन मिनिटं बघत राहिला, मग स्वतः शिडीवर चढला, खाली आला आणि म्हणाला माझ्या मुलाने लावलंय, मी त्या दिवशी नव्हतो. दोन्ही सिल त्याच दिवशी काढल्या. काल परत लावल्या, पट्टा मागे आणि टोकांना वर वळवून, विटा आता ४५ मिमी बाहेर आणि ढाळ पण जास्त दिलाय. चौकटी विटेच्या मागे सरकवून बसवणार. टायवरचे गोळे त्याने लाकडी पट्टीने काढले आणि आता रोज पोकळीत फळी टाकून काम करतोय, पडलेला माल त्या फळीवर येतो आणि वर ओढून घेतो. पैसे वाढवून मागितले नाहीत.

विटेच्या पोटाला खाच नाही कारण ह्या साध्या विटा आहेत. काका, त्यासाठी काही करता येईल का?

चिरेबंदी – १५ सप्टेंबर, सकाळी ७:००

४५ मिमी बाहेर आणि नीट ढाळ असेल तर खूप फरक पडेल. पण खाली दर्जा भरताना सिलच्या खालच्या कडेशी माल पुसून सपाट करू देऊ नका, तिथे कोपरा धारदार राहू दे, म्हणजे थेंब तिथेच तुटतो.

साईटवाला – १५ सप्टेंबर, दुपारी १:१०

बरोबर. आणि खिडकीला वेगळी पीव्हीसी सिल येणार असेल तर ती विटेच्या सिलवरून पुढे येऊ द्या, तिला पोटाला तयार खाच असतेच. तिच्या टोकांच्या टोप्या आधी आतून सिलिकॉन लावून बसवायच्या, नुसत्या चिकटवायच्या नाहीत, नाहीतर पाणी टोकातून विटेच्या खोबणीत जातं.

आता एक्स्टेन्शनबद्दल अजून एक, आत्ताच विचारून ठेवा. जुन्या घराची मागची भिंत पण कॅव्हिटीची असेल तर नवीन छत जिथे तिला मिळतं तिथे तिच्यातही कॅव्हिटी ट्रे घालायला हवा. कारण त्या छताच्या खालची जुनी भिंत आता घराच्या आतली झाली, आणि वरच्या मजल्यावर आदळलेला पाऊस जुन्या पोकळीतून खाली उतरून थेट तुमच्या नवीन स्वयंपाकघरात येणार. वरून दिसणारं शिसं म्हणजे फ्लॅशिंग फक्त बाहेरचं पाणी वळवतं, पोकळीतलं नाही.

डेव्हनवासी – १५ सप्टेंबर, रात्री ९:०५

विचारलं. ट्रे ऑर्डर केलेत म्हणाला, छताच्या आधी दोन-दोन विटा काढून बसवणार. फोटो काढीन.

लेस्टरकर – १६ सप्टेंबर, दुपारी १२:४०

खिडक्या बसल्या की प्लास्टर व्हायच्या आधी पाइपने पाणी मारून बघा. आमच्याकडे शेवटी दुरुस्ती झाली तेव्हा त्या माणसाने अशीच खात्री करून दिली. खालून सुरू करायचं, आधी सिलच्या खालची भिंत, पंधरा मिनिटं, मग सिल, मग बाजू, सगळ्यात शेवटी वर. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून वाहतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. एकाने आत टॉर्च घेऊन उभं राहायचं.

डेव्हनवासी – ११ ऑक्टोबर, सायंकाळी ६:२०

काल केलं. बाहेर बिल्डर पाइप घेऊन, आत बाबा टॉर्च घेऊन. दोन्ही सिल कोरड्या. डाव्या खिडकीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात मात्र ब्लॉकवर ओलसर रेघ आली. स्टॉप एंड एका बाजूला होता, दुसऱ्या बाजूला नव्हता. साईटवाला, तुम्ही लिहिलं होतंत ते वाक्य मी बिल्डरला भाषांतर करून सांगितलं. आज तीन विटा काढून बसवला.

उंबरठा – ११ ऑक्टोबर, रात्री ८:००

बाबांना नमस्कार सांगा. फोटो सगळे तारखेसह एका फोल्डरमधे ठेवा, घर विकताना सुद्धा उपयोगी पडतात.

डेव्हनवासी – २ फेब्रुवारी, रात्री १०:१५

धागा वर काढतोय. डिसेंबर-जानेवारीत तीन वादळं होऊन गेली, एकदा तर सलग दोन दिवस पाऊस त्या भिंतीवर आडवा आदळत होता. दोन्ही खिडक्यांखाली प्लास्टर कोरडं, विंडो बोर्ड सरळ. वीप होलमधून पाणी बाहेर येताना मी स्वतः बघितलं, आईला पण बोलावून दाखवलं. सकाळी काचेच्या खालच्या कडेला थोडं दव असतं, फॉइल लावून बघितलं, थेंब खोलीच्या बाजूला. ट्रिकल व्हेंट उघडे ठेवतोय, कपडे आता वरच्या बाथरूममधे पंखा लावून वाळवतो.

शेजाऱ्यांना हा सगळा धागा इंग्रजीत सांगितला. येत्या एप्रिलमधे ते त्यांची सिल काढणार आहेत आणि आमचाच बिल्डर करतोय. साईटवाला, खिडकी न काढता खालून डीपीसी घालता येतो का? चौकट विटेच्या तोंडाशीच बसवलेली आहे त्यांची.

साईटवाला – ३ फेब्रुवारी, दुपारी १:०५

सिलच्या विटा दोन-तीन करत टप्प्याटप्प्याने काढून पट्टा सरकवता येतो पण मागे वर वळवायला हात पुरत नाही, आणि नेमकं तेच महत्त्वाचं. शिवाय चौकट तोंडाशी आहे म्हणजे बाजूचं कामही करावं लागणार. खिडकी काढूनच करा म्हणावं. कोरडा आठवडा बघून.